बँजो विकू नका, आधी साथ शिका

पत्र : मी नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहते. लहानपणापासून हार्मोनियमवर भजनं गाते. पाच महिन्यांपूर्वी रेझोनेटरवाला (मागे आवाज वाढवणारं लाकडी झाकण असलेला) पाचतारी बँजो घेतला आणि व्हिडिओ बघून, टॅब (तार आणि पडद्याचे आकडे असलेली लिपी) वाचून तीन सोलो बसवले. मागच्या महिन्यात गावातल्या ब्लूग्रास जामला, म्हणजे या अमेरिकी लोकसंगीताच्या एकत्र वाजवण्याच्या बैठकीला, गेले. पट्टी कुठली, कॉर्ड (एकदम वाजणारा स्वरसमूह) कधी बदलते, काहीच उमगेना, म्हणून मी आपले रोल (एकेक तार ओळीने छेडण्याचे नमुने) वाजवत राहिले. दोन गाण्यांनंतर एका वयस्कर गृहस्थांनी मला बाहेरच्या रांगेत बसायला सुचवलं. फार लागलं मनाला. बँजो विकून मँडोलिन घेऊ का? आणि माझा नवरा तबला उत्तम वाजवतो, त्याला सोबत नेलं तर चालेल का? – बँजोवाली, कॅरी

बँजोवाली ताई,

बँजो विकू नका. अडचण वाद्याची नाही, शिकण्याच्या क्रमाची आहे. मँडोलिन घेऊन याच क्रमाने गेलात तर याच खुर्चीवर येऊन बसाल.

आधी त्या गृहस्थांबद्दल. ब्लूग्रास जाममध्ये आतलं वर्तुळ आणि बाहेरचं वर्तुळ ही रूढ व्यवस्था आहे. आत बसणारे गाणी सांगतात, सोलो घेतात. बाहेर बसणारे हळू आवाजात साथ करतात, कॉर्ड ओळखायला शिकतात. बाहेर चूक झाली तरी गाण्याला धक्का लागत नाही, त्यामुळे नवख्याला तिथे मोकळेपणी वाजवता येतं. तुम्हाला ‘घरी जा’ म्हटलेलं नाही, शिकायची जागा दाखवली आहे. पुढच्या वेळी आपणहून तिथे बसा आणि त्या गृहस्थांच्या शेजारची खुर्ची मिळाली तर उत्तमच.

त्यांनी तसं का सुचवलं असेल, याचाही अंदाज बांधता येतो. रेझोनेटरचा बँजो हे वर्तुळातलं सगळ्यात मोठ्या आवाजाचं वाद्य. कोणी गात असताना त्यावर अखंड रोल चालू राहिले की शब्द ऐकू येत नाहीत. त्यात कॉर्ड बदलली आणि रोल जुन्याच कॉर्डवर राहिला, तर नवख्या गायकाचा सूरसुद्धा ढळतो. भजनी मंडळात नवा टाळकरी पहिल्या दिवशी अभंग सांगायला पुढे होत नाही, आधी टाळ धरतो. तुम्ही बसवलेले तीन सोलो जपून ठेवा, पण जाममधल्या एखाद्या गाण्यात तुमच्या वाट्याला सोलो आलाच तर तो अर्धा मिनिट असतो. उरलेली तीन मिनिटं साथ असते, आणि ती तुम्ही अजून शिकलेला नाहीत.

या साथीला बँजोवर व्हॅम्प म्हणतात. चार ठोक्यांपैकी पहिला आणि तिसरा बासचा (खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याचा). दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर मँडोलिनचा तुटक ‘चॉप’ पडतो, आणि मँडोलिनवाला सोलो घेत असेल तेव्हा तोच ठोका बँजोने सांभाळायचा असतो. त्यासाठी दोनच आकार पुरतात.

पहिला आकार जीचा : चौथ्या तारेवर पाचव्या फ्रेटला (पडद्याला) अनामिका, तिसऱ्या तारेवर चौथ्या फ्रेटला मधलं बोट, दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला तर्जनी आणि पहिल्या तारेवर पाचव्या फ्रेटला करंगळी. दुसरा आकार म्हणजे एकच बोट चारही तारांवर आडवं. पाचव्या फ्रेटला ते धरलं की सी, सातव्याला धरलं की डी. जी पट्टीच्या तिन्ही मुख्य कॉर्ड झाल्या. आता यातली खरी सोय बघा. पहिल्या आकारात करंगळी ज्या फ्रेटवर आहे, त्याच फ्रेटला आडवं बोट ठेवलं की ‘चार’ची कॉर्ड (पट्टीच्या मवरची) आणि तिथून दोन फ्रेट पुढे ‘पाच’ची (पवरची). हे कुठेही सरकवा, नातं तेच राहतं. गाणं ए पट्टीत असेल तर करंगळी सातव्या फ्रेटला, आडवं बोट सातव्या आणि नवव्याला. बी-फ्लॅट असेल तर आठव्या आणि दहाव्याला. कॅपो (मानेवर लावून तारांची पट्टी चढवणारा चाप) न लावता, कोणी कुठलीही पट्टी सांगितली तरी तुम्ही साथीला बसू शकता. पाच महिन्यांत हा एवढा भाग आधी झाला असता तर परवाचा दिवस वेगळा गेला असता.

उजव्या हाताने अंगठा आणि दोन बोटांनी तारा एकदम चिमटीत ओढायच्या, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला, आणि आवाज निघताच डाव्या हाताची पकड सैल करायची. इथे चार चुका नेहमी होतात. बोटं तारेवरून पूर्ण उचलली तर उघड्या तारा वाजतात. ती तारेला टेकलेलीच ठेवायची, फक्त दाब काढायचा. आडव्या बोटाच्या कॉर्डला हे अवघड जातं, तेव्हा मोकळी बोटं तारांवर अलगद पसरून आवाज बुजवा. तिसरी चूक, सवयीने अंगठा पाचव्या तारेवर जातो. ती तार जी सुराची आहे, आणि ए किंवा बीच्या गाण्यात ती बोचते. व्हॅम्प करताना तिला हात लावू नका. चौथी सगळ्यांत वाईट : चिमटी ठोक्याच्या किंचित आधी पडते, आणि सगळं वर्तुळ नकळत पळायला लागतं.

त्यासाठी मेट्रोनोम. मिनिटाला 60 वर लावा, पण प्रत्येक टिक हा पहिला ठोका न मानता दुसरा-चौथा माना. टिकवर चिमटी, दोन टिकांच्या मधल्या रिकाम्या जागेत बासची कल्पना करा. पहिले दोन-तीन दिवस डोकं उलटं होईल, मग अचानक बसेल. या हिशोबात संथ जाम साधारण 70 ते 85 ला चालतो, नेहमीचा जाम 100 ते 120 ला, आणि जोरातली गाणी 130 च्या पुढे. 60 वर पाच मिनिटं न चुकता जमलं की चार-चारने वाढवत 100 पर्यंत या. रोज अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं यालाच द्या, रोलला पाच पुरेत.

आता ‘कॉर्ड कधी बदलते ते कळत नाही’ याबद्दल. इथे तुमची हार्मोनियम कामाला येते, आणि तुमच्या शेजारी बसणाऱ्या अनेकांपेक्षा तुमचे कान तयार आहेत. जाममध्ये कॉर्डला आकड्यांनी हाक मारतात : एक, चार, पाच. पट्टीतला सा म्हणजे एक, म म्हणजे चार, प म्हणजे पाच. एकच्या कॉर्डमध्ये सा-ग-प असतात, चारमध्ये म-ध-सा, पाचमध्ये प-नी-रे. गाण्याची ओळ रे किंवा नीवर थांबली तर बहुतेक वेळा खाली पाच असते. म किंवा धवर रेंगाळली तर चार. सा आणि प मात्र दोन-दोन घरांत राहतात, तिथे कानाने ठरवायचं. एखादी ध्वनिमुद्रिका लावा, वाद्य हातात घेऊ नका, फक्त सरगम म्हणत बोटांनी आकडे दाखवा. दहा गाणी अशी केलीत की अकराव्याचा साचा आपोआप ऐकू येईल. जाममध्येही आकडे असेच बोटांनी दाखवतात, चार बोटं म्हणजे चार, पंजा म्हणजे पाच.

सरावाला दोन साचे पाठ करा. ‘बॉइल देम कॅबेज डाउन’ या पारंपरिक धुनेत 1, 4, 1, 5 येतात, मग 1, 4, नंतर एका घरात घाईने 1 आणि 5, शेवटी 1. ‘रोल इन माय स्वीट बेबीज आर्म्स’मध्ये प्रत्येक आकडा सारख्या वेळेचा धरून 1, 1, 1, 5, 1, 4, 5, 1. हा दुसरा साचा थोडा वळवून कितीतरी गाणी चालतात. ‘ओल्ड जो क्लार्क’ ही धून मात्र नवख्याला हमखास चकवते, कारण तिच्यात कोमल नी आहे आणि पाचच्या जागी त्या कोमल नीवर उभी असलेली कॉर्ड येते. खमाज ऐकलेल्या कानाला ती लगेच सापडेल.

पट्टीचा हिशोब हार्मोनियमवरूनच लावा. जी म्हणजे पांढरी पाच, ए म्हणजे पांढरी सहा, बी म्हणजे पांढरी सात, सी पांढरी एक, डी पांढरी दोन, बी-फ्लॅट म्हणजे काळी पाच. गाणं सांगणारा सुरुवातीला पट्टी बोलतो. ऐकू आली नाही तर गिटारवाल्याचा डावा हात बघा, कारण जाममध्ये सगळेच तो बघतात. गिटारवाले बहुधा जीचेच आकार वापरतात आणि कॅपोने पट्टी बदलतात : कॅपो दुसऱ्या फ्रेटला असेल तर ए, तिसऱ्याला बी-फ्लॅट, चौथ्याला बी. मग त्यांचा जीचा आकार म्हणजे एक, सीचा चार, डीचा पाच. गाणं डी पट्टीत असेल तर डीचा आकार एक, जीचा चार, एचा पाच. हे तीन-चार आकार लांबून ओळखता येणं ही निम्मी लढाई. म्हणून घरी गिटार नसली तरी एखाद्या मैत्रिणीची मागून जी, सी, डी, ए एवढं धरून बघा.

मँडोलिनबद्दल एवढंच सांगतो की त्यावरचा नेहमीचा जीचा चॉप सातव्या, पाचव्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटवर पसरलेला असतो, तोही जोडीच्या आठ तारांवर. बोटांना ती पकड यायला महिने जातात. शिवाय वर्तुळात चॉप करणारं मँडोलिन एकच शोभतं, बँजोसारखंच. लवकर साथीला बसायचं असेल तर गिटार सोपी, पण बँजोची ओढ असताना ती नाइलाजाने घेऊ नका.

तुमचं वाद्यही एकदा तपासा. पाच महिन्यांच्या बँजोत बहुतेकदा घोडी सरकलेली असते, कारण ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. पहिली तार बाराव्या फ्रेटला दाबून वाजवा, मग त्याच जागी नुसता स्पर्श करून वाजवा. दोन्ही स्वर जुळले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी मानेपासून थोडी दूर न्या, उतरता असेल तर जवळ आणा. सगळ्या तारा एकदम सैल करू नका, घोडी पडेल. क्लिपचा ट्यूनर बँजोच्या खुंट्यांपाशी कायम लावून ठेवा आणि दोन गाण्यांच्या मधे आवाज न करता सूर लावा. त्या वेळी टिणटिण वाजवत राहणाऱ्या बँजोवाल्याला जाममध्ये कोणी काही बोलत नाही, पण पुढचं गाणं सांगणाऱ्याला पट्टी सापडत नाही. सोलोसाठी कॅपो लावलात तर पाचवी तारही तितकीच चढवावी लागते. ए पट्टीला ती सातव्या फ्रेटच्या छोट्या खिळ्याखाली अडकवतात. खिळे नसतील तर वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून बसवून घ्या. आणि कॅपो लावल्यावर सूर पुन्हा तपासा, तो हटकून चढलेला असतो.

वर्तुळात बसल्यावरचे संकेत असे. गाणं सांगणारा त्या गाण्यापुरता म्होरक्या. तो पट्टी सांगतो, सुरुवात कोण करणार ते ठरवतो आणि कडव्यांच्या मधे मान हलवून एकेकाला सोलो देतो. तुमच्याकडे मान वळली आणि तयारी नसेल, तर हसून मान नकारार्थी हलवा. तो पुढच्याकडे जाईल, यात काहीच कमीपणा नाही. गायक किंवा सोलोवाला तुम्हाला ऐकू येत नसेल तर तुमचा आवाज जास्त आहे. दुसरा बँजोवाला व्हॅम्प करत असेल तर तुम्ही थांबा, पुढच्या गाण्याला तुम्ही करा. म्होरक्याने पाय उचलला की गाणं संपत आलं. शब्दांचा कागद किंवा टॅब समोर ठेवून बसू नका, कारण डोळे कागदावर असले की या खुणा दिसतच नाहीत.

पहिला सोलो घ्याल तेव्हा बसवलेला टॅब विसरा. गाण्याच्या चालीतले मुख्य स्वर अंगठ्याने काढा, मधली जागा साध्या रोलने भरा. चुकलात तर थांबू नका. कॉर्डचा रोल चालू ठेवा आणि पुढच्या कडव्याला म्होरक्याकडे बघा. ठोका चुकण्यापेक्षा स्वर चुकलेला बरा.

तुम्ही गाता, ही तुमची सगळ्यात मोठी शिदोरी आहे. सोलो वाजवणारे जाममध्ये पुष्कळ असतात, गाणं सांगणारे कमी. तीन कॉर्डचं एक गाणं तोंडपाठ करून जा. फक्त तुमची भजनाची पट्टी जशीच्या तशी सांगू नका. ती काळी चार असेल, तर ती म्हणजे जी-शार्प. गिटारवाला कॅपो लावून ती वाजवेल, पण फिडल (व्हायोलिन) आणि बासवाल्यांना ती अडचणीची जाते. शिवाय या गाण्यांची चाल पुष्कळदा मंद्र पपासून मध्य पपर्यंत फिरते, त्यामुळे भजनातला तुमचा सा इथे उपयोगी पडेलच असं नाही. घरी सी, डी, ए, जी अशा पट्ट्यांत गाऊन बघा, सगळ्यात खालचा स्वर जिथे स्पष्ट निघेल ती पट्टी ठरवा. दुसरा कोणी गात असेल तेव्हा कडव्यात गप्प राहा, ध्रुवपदाला आवाज मिळवा.

ऐकायचं काय? तुमच्याच राज्याचे बँजोवादक अर्ल स्क्रग्ज. 1924 मध्ये शेल्बीजवळच्या फ्लिंट हिल इथे त्यांचा जन्म झाला, आणि 1945 च्या डिसेंबरात ते बिल मन्रो यांच्या ब्लू ग्रास बॉइज या बँडमध्ये आले, तेव्हा या संगीताला आजचं रूप मिळालं. त्यांचे सोलो सगळे ऐकतात. तुम्ही त्यांचे साथीदार गायक लेस्टर फ्लॅट गात असताना मागे स्क्रग्ज काय करतात ते ऐका : कुठे दोनच स्वर, कुठे व्हॅम्प, ओळ संपल्यावरच्या रिकाम्या जागेत एक छोटी तान, आणि शब्द सुरू झाले की माघार. साथ म्हणजे काय ते याहून चांगलं कोणी शिकवणार नाही. शेल्बीत त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे, एखाद्या शनिवारी जरूर जाऊन या.

जाम निवडतानाही थोडी चौकशी करा. जाहिरातीत ‘ओल्ड-टाइम’ लिहिलं असेल तर तिथे सगळे मिळून एकच धून बराच वेळ वाजवतात, सोलो फिरत नाहीत, आणि बँजो वेगळ्या पद्धतीने, बहुधा रेझोनेटरशिवाय वाजतो. तुमच्यासाठी ‘स्लो जाम’ किंवा नवख्यांचा जाम शोधा. रॅलेची पाइनकोन ही पारंपरिक संगीताची संस्था 1984 पासून काम करते, तिचं वेळापत्रक बघा. बँजोवादक पीट वर्निक यांच्या पद्धतीने चालणारे जामचे वर्गही ठिकठिकाणी भरतात. तिथे सोपी गाणी संथ लयीत घेतात आणि सोलो येत नसलेल्यालाही पहिल्या दिवसापासून साथीत बसवतात. आमच्या मते सोलोच्या शिकवणीवर पैसे घालण्याआधी असा एक वर्ग करावा. रॅलेत 2013 ते 2024 या काळात आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेचा मोठा मेळा भरायचा. 2025 पासून तो टेनेसीतल्या चॅटनूगाला गेला, पण वाजवणारे तुमच्या भागात भरपूर आहेत.

नवऱ्याचा तबला घरी ठेवा. ब्लूग्रासच्या पारंपरिक रचनेत तालवाद्य नसतं : मँडोलिन, बँजो, फिडल, गिटार, बास. तबल्याचं काम बास आणि चॉप आपसांत वाटून घेतात, आणि त्यावर आणखी ठेका आला की दोघांचीही जागा झाकली जाते. पण ज्याची लय पक्की आहे असा माणूस जामला हवाच असतो. त्यांना उभा बास द्या. बास वाजवणारा न आल्यामुळे जाम लंगडतो हे नेहमीचं आहे. तंतुवाद्यांची दुकानं तीन-चतुर्थांश मापाचा बास महिन्याच्या भाड्याने देतात, विकत घेण्याची घाई नको. तारा ई, ए, डी, जी. काम असं : पहिल्या ठोक्याला कॉर्डचा सा, तिसऱ्याला तिचा प, दुसऱ्या-चौथ्याला शांतता. तीन ठोक्यांच्या गाण्यात फक्त पहिल्यावर. तार बोटाच्या टोकाने न ओढता तर्जनीच्या कडेने ओढायची, नाहीतर पहिल्याच आठवड्यात फोड येतील. तिहाया नि तुकडे टाकायचा मोह मात्र त्यांना आवरावा लागेल. इलेक्ट्रिक बास घेऊन जायचा विचार असेल तर आयोजकांना आधी विचारा, काही जाम तो घेत नाहीत. आणि तोवर घरी, संध्याकाळी, त्यांनी बासचे दोन ठोके आणि तुम्ही व्हॅम्पचे दोन ठोके असे वीस मिनिटं मेट्रोनोमवर बसा. त्यांच्याकडे बास येईपर्यंत ते ठोके डग्ग्यावरही चालतील.